गळतंय कुठून, ते आधी दाखवा!

मंडळी, आपल्या जनरेशनला एक गोष्ट फुल टू जमते, ती म्हणजे वस्तू बदलणं. मोबाइल हँग व्हायला लागला? नवा घ्या. बूट उसवला? नवा घ्या. दुरुस्ती हा आयटम आपल्या मेन्यूकार्डावरच नसतो. म्हणून या आठवड्यात मी तुम्हाला मॉलमध्ये नाही, थेट एका गाडीखाली नेतेय. एसी नाही, म्युझिक नाही, वरून तेल ठिबकतंय. चालेल ना?

गाडी माझ्या मामाची. भोरजवळच्या गावातली, वीस वर्षं जुनी फोर बाय फोर पिकअप. भाताची पोती, खत, रोपं, आजारी शेजारी, सगळ्यांची वाहतूक तिच्यावरच. पावसाळ्यात डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतचा चिखल फोर-व्हील टाकल्याशिवाय पार होत नाही. भाड्याचा टेम्पो तिथे यायला तयारच नसतो.

तर या बाईसाहेब जिथे उभ्या राहतील तिथे तेलाचा डाग सोडायला लागल्या. शहरातल्या एका वर्कशॉपने पाच मिनिटं वाकून पाहिलं आणि निकाल दिला, 'गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल. 45 हजार.' मामेभाऊ म्हणाला, 'बाबा, विकून टाका आता.' मामा गप्प. मामा गप्प म्हणजे जाम टेन्शन!

शेवटी गावच्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी गाडीचं पोट डिझेल आणि ब्रशने घासून चकाचक केलं. मग मामाला म्हणाले, 'दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.'

फंडा सिंपल आहे. गाडी पळताना वारा तेलाला मागे ढकलतो. त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि गळती असते भलतीकडेच. स्वच्छ केलेल्या पोटावर जो भाग सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओला दिसेल, तिथे खरा चोर!

तेल कुठलं, हेही बघायचं. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळंकुट्ट. गिअर ऑइल जाड, तपकिरी आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. ऑटोमॅटिक गिअरवाल्या गाडीत लाल तेल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. तिथे रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलर पाइपांचे जोडही तपासायचे. आमच्याकडे मॅन्युअल गिअर आणि वास नाक मुरडायला लावणारा. म्हणजे गिअर ऑइलच.

आता मीही टॉर्च घेऊन खाली. 'तू कशाला शिरतेस गं?' मामा. 'कॉलम लिहायचाय,' मी. पण शिरण्याआधी चाकांना दगड लावले आणि गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, म्हणजे नाही. शिवाय प्रॉपेलर शाफ्ट काढला की गिअरमध्ये उभी केलेली गाडीसुद्धा घरंगळू शकते.

चोर सापडला. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा. त्यातून मागचा शाफ्ट बाहेर येतो, तिथलं रबरी ऑइल सील ओलं होतं. पण मिस्त्रींनी आधी हात घातला वरच्या ब्रीदरला. ही हवा बाहेर सोडणारी छोटीशी नळी. शेतातल्या चिखलाने ती पार बुजली होती. गाडी तापली की आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही, तर ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. म्हणजे नुसतं सील बदललं असतं, तर नवंही थोड्याच दिवसांत गळलं असतं!

मग काम सुरू. आधी तेल भरायचा प्लग खोलायचा, नंतर खालचा. कारण तेल सांडल्यावर वरचा प्लग जाम निघाला, तर रिकामी गाडी अंगणात शोभेला! शाफ्ट काढण्याआधी जोडावर रंगाची खूण केली, म्हणजे परत तसाच बसेल आणि थरथरणार नाही. जुनं सील प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं. नव्याच्या ओठाला तेल लावून ते सरळ ठोकून बसवलं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. उगाच 'भारीतलं' टाकायला जाऊ नका. जीएल-4 सांगितलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये जीएल-5 ओतलं, तर पितळी सिंक्रोनायझर खराब होऊ शकतात. सपाट जागेवर, भोकातून तेल बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं. बस्स!

काढलेलं तेल ओढ्यात नाही गेलं हं. 2016च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रममध्ये, तिथून अधिकृत रिसायकलरकडे.

बिल? सील, तेल आणि मजुरी धरून अडीच हजारांच्या आत.

म्हणजे ओव्हरहॉल ही नेहमीच लूट असते का? नाही, बॉस. मिस्त्रींनी शाफ्ट हलवून पाहिला, जास्त प्ले नव्हता. निघालेलं तेल बोटांत चोळून पाहिलं. बारीक राखाडी पूड चालते, पण लोखंडाचे कण सापडले असते, किंवा तेल पाणी शिरून दुधाळ झालं असतं, तर डबा उघडावाच लागला असता. 'आणि मग मीच सांगितलं असतं,' ते म्हणाले.

आता तुमची टर्न. तुमच्याकडे पिकअप नसेल, सेकंडहँड हॅचबॅक असेल. तरी आज रात्री तिच्याखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी कोरा निघाला तर मस्त, ऑफिसला सुटा. डाग दिसला तर आधी पोट धुऊन घ्या आणि गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा, 'नक्की कुठून गळतंय, जरा दाखवता का?' त्याने बोट ठेवून दाखवलं, तर खुशाल काम द्या. नाही दाखवता आलं, तर ते एस्टिमेट घडी करून खिशात टाका आणि दुसरं गॅरेज शोधा.

मामाच्या पिकअपने त्यानंतर एक अख्खा पावसाळा काढलाय. अंगण कोरडं आहे. तेलापुरतं तरी!