लग्नाआधीची छायाचित्रे आणि समाजाची आचारसंहिता

लग्नसराई जवळ आली की बुधवार पेठेत दुकाने उघडण्यापूर्वी हल्ली एक नवे दृश्य पाहावयास मिळते. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजापुढे नियोजित वधूवर उभे असतात. तिच्या अंगावर भाड्याने आणलेला घोळदार झगा, त्याच्या अंगावर भाड्याचाच कोट. छायाचित्रकार त्यांना एकमेकांकडे पाहावयास सांगतो, मग पाहू नका म्हणून सांगतो. त्याचा मदतनीस चंदेरी पडदा उन्हाकडे धरून ताटकळतो. आणि या सर्वांच्या मागे, चपला, पाण्याची बाटली व बदलावयाच्या कपड्यांची पिशवी सांभाळीत मुलीची धाकटी बहीण किंवा मैत्रीण उभी असते. ‘प्री-वेडिंग शूट’ म्हणतात ते हेच.

पूर्वी लग्न लागून नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण जात असे. आता पाठराखिणीला लग्नाच्या आधीच निघावे लागते. तिचे काम मात्र पूर्वीसारखेच दुहेरी आहे: मुलीला सोबत करावयाची आणि मुलीवर लक्षही ठेवावयाचे.

या प्रकाराची टवाळी करणे पुरोगामी मंडळींना फार सोपे वाटते. ‘चंगळवाद’ हा शब्द उच्चारला की आपले कर्तव्य संपले, अशी त्यांची समजूत दिसते. परंतु हीच टवाळी आज आणखी कोणाच्या तोंडी आहे, हे त्यांनी एकदा पाहावे.

हा रिवाज मूळचा आपला नव्हे. कपडे, रंगभूषा, छायाचित्रे व आल्बम एकत्र बांधून विकण्याचा धंदा प्रथम तैवानमध्ये भरभराटीस आला आणि मग चीन, व्हिएतनाम अशा देशांत पसरला. हनोईत होआन किएम तलावाच्या काठी किंवा होई आन या जुन्या बंदराच्या गल्ल्यांत अशी जोडपी कधी पाश्चात्त्य झग्यात, तर कधी आओ झाय या तेथील पारंपरिक वेषात वावरताना दिसतात. विवाहाच्या मेजवानीच्या दाराशी त्यांची मोठाली छायाचित्रे मांडलेली असतात. अमेरिकन बॉम्बफेकीला पुरून उरलेल्या त्या देशाने १९८६ साली ‘दोई मोई’ धोरण स्वीकारून बाजाराला वाट करून दिली, त्यानंतरचा हा व्यापार. डाव्या विचाराच्या वाचकाला याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे. पण उत्तर व्हिएतनामने १९५९ साली विवाह व कुटुंबविषयक कायदा करून सक्तीचे विवाह, बालविवाह आणि बहुपत्नीत्व यांना बंदी घातली होती, हे विसरून चालणार नाही. कायद्याने समाज एका रात्रीत पालटत नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द तेथेही चालतो. तरीही जोडीदार निवडण्याचा हक्क राज्यकर्त्यांनी आधी उचलून धरला आणि त्या निवडीची रंगीत छायाचित्रे बाजाराने मागाहून विकली.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. कागदावर हक्क आहेच; १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आहे. प्रत्यक्षात २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण अवघे पाच टक्क्यांच्या आसपास आढळले. म्हणजे जात, पोटजात, पत्रिका, पगार आणि सातबारा पाहून ठरविलेल्या लग्नावर बाजार प्रेमविवाहाचा मुलामा चढवून देतो. निवड दिलेली नाही. निवडीचे चित्र मात्र पैसे मोजून मिळते.

एवढे म्हणूनही या मुलींची बाजू घेणे आवश्यक आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीआडून झालेली प्रश्नोत्तरे आणि नंतर मोबाइलवरचे दबक्या आवाजातले बोलणे, यापलीकडे ज्यांची ओळख गेलेली नाही अशी अनेक जोडपी त्या सकाळी प्रथमच चार तास एकत्र काढतात. छायाचित्रकार लेन्स बदलीत असतो तेवढ्यात ती एकमेकांशी बोलतात. चहाची टपरी उघडी असली तर पाठराखीणही जरा दूर सरकते. भाड्याच्या झग्यातून मिळालेला हा मोकळेपणा तोकडा व महाग आहे, पण तो खोटा नाही.

आणि नेमका हाच मोकळेपणा कित्येकांच्या डोळ्यांत सलतो. २०१९ च्या डिसेंबरात भोपाळमधील काही समाजांनी प्री-वेडिंग छायाचित्रणावर बंदी जाहीर केली. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यालगतच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंड्याच्या प्रश्नावर महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाच्या आचारसंहिता निघाल्या. हुंडा घेऊ नये, पाहुणे मोजके असावेत, ही कलमे स्वागतार्हच आहेत. त्यांच्याच पंक्तीत प्री-वेडिंग नको, हेही कलम बसविण्यात आले. एका सुनेच्या मृत्यूशी वाड्याच्या दारात काढलेल्या छायाचित्राचा संबंध काय? हुंडा सासरचे मागतात आणि तो बैठकीत ठरतो. पुष्कळदा ज्यांच्या हाती समाजाची सूत्रे असतात तेच त्या बैठकीत मधोमध बसलेले असतात. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असून तो मोडणाऱ्याला समाजात कोणी खाली बसवीत नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या खांद्यावर मुलीने हात ठेवला की मात्र संस्कृती बुडते.

खर्चाचे कारण पुढे केले जाते. ते जुनेच आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्या वेळीही कुणब्याच्या लग्नातील उधळपट्टीकडे बोट दाखविणारे पुष्कळ होते. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाला चौकशीअंती लिहावे लागले की, कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. सारावसुली, व्याज आणि कोर्टाचे हुकूमनामे बाजूला सारून अक्षतांचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्र तेव्हाही सोयीचे होते. आजही मुलीच्या बापाला बुडविणारी रक्कम सोने, गाडी, कार्यालय आणि जेवणावळी यांत जाते. छायाचित्रणाचा खर्च त्या मानाने किरकोळ, आणि तो बऱ्याचदा मुलगा-मुलगी आपल्या पगारातून करतात. बंदी घालण्यास तोच सापडावा, यात अर्थकारण कमी आणि धाक जास्त आहे.

शिवाय अशी बंदी मोडणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकले गेले, तर तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. आचारसंहितेच्या स्वागताचे फलक लावणाऱ्या आमदारांनी तो एकदा वाचावा.

लग्नाचा खर्च खरोखर ज्यांनी उतरविला त्यांचा मार्ग वेगळा होता. याच बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. वाडा जीर्ण होऊन २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आला. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला तीन महिने होतात न होतात तोच २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा विवाह भटजीवाचून लागला; सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. जोतीरावांनी १८८७ साली छापलेल्या विवाहविधीत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर तशी शपथ घेतो. तेथे खर्च कमी झाला तो मुलीचा आवाज वाढवून. आजच्या आचारसंहितांत मुलीने काय करू नये याची यादी आहे. तिने काय विचारावे, याला जागाच नाही.

ज्यांनी जात ओलांडून जोडीदार खरोखर निवडला, त्यांच्याकडे पाहावे. त्यांना वाड्याच्या दारात उभे राहण्याची चैन नसते. विशेष विवाह कायद्याखाली त्यांची नोटीस तीस दिवस कचेरीत लागते. हरकत घ्यावयास कोणीही यावे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवले, तो निकाल उत्तर प्रदेशापुरता. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत आरंभी आंतरजातीय विवाहही घातले होते. ओरड झाल्यावर ते वगळले, आंतरधर्मीय विवाह ठेवले. एका प्रकारच्या जोडप्याचे चित्र समाज दारात टांगतो, दुसऱ्याचे नाव सरकार भिंतीवर लावते.

त्या कचेरीत विवाहाच्या दिवशी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरच्यांनी पाठ फिरविलेल्या जोडप्यांना ते तीन मिळविताना मित्रांच्या दारोदार हिंडावे लागते. प्री-वेडिंगच्या निषेधाचे ठराव लिहिण्यास उत्सुक असलेल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या शाखेत अशा साक्षीदारांची यादी करून ती त्या कचेरीबाहेरच्या जोडप्यांपर्यंत पोहोचवावी, आणि नोटिशीच्या तीस दिवसांत त्यांना राहावयास कोणाचे घर मिळेल, तेही त्या यादीत लिहावे.