मॉरिशसची व्यापारी तूट कोण भरून काढतो?

मॉरिशसच्या आयात-निर्यातीचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, आणि गेली अनेक वर्षे त्यांतून तेच चित्र उभे राहत आले आहे : निर्यातीच्या अडीच ते तीन पट आयात. निर्यात जरा वाढली की सत्ताधारी स्वतःची पाठ थोपटून घेतात, घटली की विरोधक त्यांना धारेवर धरतात. पुढच्या निवडणुकीनंतर दोघांच्या भूमिकांची अदलाबदल होते. तूट मात्र जागची हलत नाही. हे बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे, वस्ती सुमारे साडेबारा लाखांची. त्याच्या जमाखर्चाकडे आपण का पाहावे, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. आमच्या मते दोन कारणांसाठी पाहावे. एक तर, एकोणिसाव्या शतकात गिरमिटाच्या करारावर तेथील ऊसमळ्यांत राबायला गेलेल्यांत आपल्या कोकणातील माणसे होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. 'निर्यात वाढवा, गरिबी आपोआप हटेल' असे सांगणारे अर्थपंडित मॉरिशसचा दाखला वारंवार देतात. तेव्हा हा दाखला तपासून पाहणे समाजवाद्यांचे कामच आहे.

या बेटाचा व्यापार जन्मतःच परक्यांच्या सोयीने आखला गेला. १८३५ साली तेथील गुलामगिरी संपली तेव्हा मालकांना नुकसानभरपाई म्हणून २० लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांच्या हाती काहीच पडले नाही. त्यांच्या जागी हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख मजूर आणले गेले. बिहार व संयुक्त प्रांतातून सर्वांत जास्त, त्याखालोखाल तमिळ व तेलुगू मुलखांतून, आणि मुंबई बंदरातूनही काही. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला त्या वेळी निर्यातीच्या दहा भागांपैकी नऊ भागांहून अधिक वाटा साखर व तिच्या जोडपदार्थांचा होता. साखर पिकवणाऱ्या जमिनीचा मोठा हिस्सा मूठभर फ्रेंच वंशाच्या कुटुंबांकडे होता.

तरीही मॉरिशस दुसऱ्या एखाद्या मळेवसाहतीसारखे पूर्णपणे नागवले गेले नाही. याचे श्रेय निर्यातीला देणारे लोक इतिहासाचा अर्धाच भाग सांगतात. १९३६ साली तेथे मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ साली उसाच्या कमी केलेल्या भावाविरुद्ध लहान बागायतदार व मजूर उठले आणि गोळीबारात बळी पडले. १९४३ साली बेल व्ह्यू आरेल येथील मळ्यावर संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अंजलाय कूपेन ही गरोदर मजूर स्त्री तीत ठार झाली. या लढ्यांतूनच स्वातंत्र्यापूर्वीच, १९५८ साली, प्रत्येक वृद्ध नागरिकाला उत्पन्नाची अट न घालता पेन्शन मिळू लागले. पुढे मोफत दवाखाने आले आणि १९७०च्या दशकात माध्यमिक शिक्षणही मोफत झाले. यासाठी पैसा उभा करण्यात साखरेवरील निर्यातकराचा वाटा मोठा होता. म्हणजे व्यापारातून आलेल्या पैशाचा काही हिस्सा राज्यसत्तेने मळेवाल्यांकडून काढून श्रमिकांपर्यंत पोहोचवला. 'चमत्कार' म्हणतात तो एवढाच आहे, आणि तो बाजारपेठेने केलेला नाही. १९९४ साली हा निर्यातकर रद्द झाला, ही गोष्ट मॉरिशसची स्तुती करणाऱ्या लेखांत क्वचितच आढळते.

साखरेला भाव कोठून मिळत होता, हेही पाहिले पाहिजे. १९७५च्या लोमे करारातील साखरविषयक कलमांनुसार युरोपीय देश मॉरिशसकडून दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने घेत. हा भाव पुष्कळदा जागतिक बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट असे. देशाला स्थैर्य मिळाले ते यामुळे. पण हे दान होते, हक्क नव्हता. युरोपला आपली स्वतःची शेतीव्यवस्था बदलायची गरज वाटली, तेव्हा २००६ पासून चार वर्षांत साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला गेला आणि २००९ साली तो करारच संपुष्टात आला. स्वातंत्र्याच्या सुमारास तेथे वीसहून अधिक साखर कारखाने होते. त्यांपैकी तीन उरले. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्तीच्या गोड नावाखाली घरी पाठवण्यात आले, आणि लहान ऊसकऱ्यांनी परवडत नाही म्हणून जमिनी पडीक टाकल्या. एके काळी सहा-सात लाख टनांपर्यंत गेलेले साखरेचे उत्पादन अडीच लाख टनांच्या आत आले. एवढेच नव्हे, तर शुद्धीकरणाचे कारखाने चालू ठेवण्यासाठी काही वर्षे बाहेरून कच्ची साखर आणावी लागली!

साखरेवरील अवलंबन कमी करण्यासाठी १९७० साली निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कच्चा माल करमुक्त, नफ्यावर सवलत, कामगार कायदे ढिले, असे त्याचे स्वरूप होते. आपल्याकडे कांडला व अंधेरीच्या सीप्झमध्ये जे घडले ते जवळून पाहिलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको. १९७१च्या अखेरीस गोदी कामगारांसह इतर श्रमिकांनी मोठे संप केले, तेव्हा आणीबाणी जाहीर झाली, संघटनांचे नेते तुरुंगात गेले आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबणीवर पडली. गुंतवणूकदारांना 'शांत' कामगारवर्ग कसा पुरवला जातो, याचा हा वस्तुपाठ होता. पुढे हाँगकाँगहून भांडवल आले, कारण तेथील कारखानदारांचा युरोप-अमेरिकेतील कोटा संपला होता आणि मॉरिशसचा शिल्लक होता. ज्या बेटावर मेंढ्यांचे कळप नाहीत ते लोकरी स्वेटरांच्या प्रमुख निर्यातदारांत गणले जाऊ लागले. १९९०च्या सुमारास या क्षेत्रात ९० हजारांच्या आसपास कामगार होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. सुरुवातीच्या काळात त्यांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी होते. १ जानेवारी २००५ रोजी कापड व्यापारातील कोटापद्धती संपली आणि यंत्रे शेजारच्या मादागास्करकडे व आशियाकडे सरकली. जे कारखाने राहिले त्यांत बांगलादेश, भारत, मादागास्कर येथून ठरावीक मुदतीच्या करारावर कामगार आणण्यात आले. ज्यांचे पणजोबा करारावर तेथे उतरले, त्यांच्याच देशात करारावरच्या परक्या मजुरांची नवी वस्ती उभी राहिली.

आता वार्षिक आकड्यांकडे वळू. ते वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. मॉरिशसच्या एकूण निर्यातीत देशात तयार झालेला माल, बाहेरून आणून पुन्हा बाहेर पाठवलेला माल आणि बंदरात जहाजांना व विमानतळावर विमानांना विकलेले इंधन, हे सारे एकत्र मोजले जाते. आयात केलेले तेल जहाजात ओतले की तेही निर्यातीच्या रकान्यात जाऊन बसते. दुसरे असे की, देशी निर्यातीतही देशाचे किती, हा प्रश्न आहेच. कपडे व साखरेच्या बरोबरीने ज्या मासळीचे नाव घेतले जाते ती ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा. ती बव्हंशी परदेशी जहाजांनी पकडलेली असते, गोठवलेली आणली जाते आणि डबाबंद होऊन युरोपात जाते. मॉरिशसच्या वाट्याला येते ती मुख्यतः मजुरी. (प्रयोगशाळांसाठी अमेरिका-युरोपला पाठवली जाणारी लांब शेपटीची माकडे हीसुद्धा या देशाच्या निर्यातीतील एक बाब आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) तिसरी गोष्ट हुंडणावळीची. २०१९ अखेरीस डॉलरला सुमारे ३६-३७ मॉरिशस रुपये पडत. २०२४ साली ४६ च्या आसपास पडू लागले. रुपयांत मोजलेली निर्यात वाढलेली दिसते, तिच्यातील बराच भाग केवळ चलनाच्या घसरणीचा असतो. आयातीचे बिल मात्र खरोखरच फुगते. २०१९ साली सुमारे २०० अब्ज रुपये असलेली आयात २०२२ साली २९० अब्जांच्या घरात गेली. युक्रेनमधील युद्धाने तेल, गहू व जहाजभाडे कडाडल्याचा तो परिणाम होता.

आणि आयात कशाची? तेल सगळे बाहेरचे, तांदूळ व गहू बाहेरचे. एकूण अन्नापैकी सुमारे तीन-चतुर्थांश बाहेरून येते. दोन शतके सर्वोत्तम जमीन उसाला दिल्याची ही किंमत आहे. आपल्या सरकारचे धोरण तेथील स्वयंपाकघरात कसे पोहोचते, हे नुकतेच दिसले. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि पुढच्या महिन्यात मॉरिशससाठी १४ हजार टनांची खास परवानगी दिली. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात थांबवली आणि मार्च २०२४ मध्ये मॉरिशससाठी १२०० टन कांदा सोडला. लासलगावच्या बाजारात भाव कोसळून शेतकरी हवालदिल झाला होता, आणि तिकडे पोर्ट लुईसचा ग्राहक दिल्लीच्या परवानगीची वाट पाहत होता. या दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी नव्हते. मध्ये उभी होती ती निवडणुकीच्या तोंडावर शहरी भाव दाबून ठेवू पाहणारी सत्ता. मैत्रीचे गोडवे गाणाऱ्या सरकारने दरवेळी मेहेरबानी म्हणून हजार-बाराशे टन सोडावेत, यात व्यापारही नाही आणि बंधुभावही नाही.

इतकी मोठी तूट भरून निघते कशाने? पर्यटनाने, परदेशी कंपन्यांना नाममात्र करात नोंदणीची सोय देणाऱ्या वित्तव्यवसायाने आणि जमिनीच्या विक्रीने. १९८३ पासून अमलात असलेल्या करारामुळे मॉरिशस अनेक वर्षे भारतातील थेट परकीय गुंतवणुकीचा अग्रगण्य 'उगम' होता. साडेबारा लाखांच्या बेटाकडे आपल्या देशात गुंतवायला एवढे धन कोठून आले, याचे उत्तर मुंबईच्या शेअर बाजारात पुष्कळांना ठाऊक होते. २०१६ साली त्या कराराला दुरुस्ती झाली. २००२ साली परदेशी धनिकांना किमान पाच लाख डॉलरचे बंगले विकण्याची योजना निघाली आणि तिच्यात जुन्या साखर कंपन्याच जमिनीच्या विकासक झाल्या. उसाचा भाव गेला तरी मळेवाला बुडाला नाही; त्याने मळाच विकायला काढला. २००७ पासून कंपन्यांना आणि व्यक्तींना १५ टक्के असा एकच सपाट करदर लागू झाला. परकीय चलन खेचण्यासाठी भांडवलावरचा कर खाली ठेवायचा, मग राज्याची तिजोरी रिकामी राहायची, हे दुष्टचक्र येथे पुरे होते.

२०२० साली महामारीत पर्यटन थांबले तेव्हा या बांधणीचा पाया किती कच्चा होता ते उघड झाले. मध्यवर्ती बँकेने सरकारला ६० अब्ज रुपये देऊन वेळ निभावली. त्याचा भार रुपयाच्या किमतीवर पडला. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. आधीच्या सरकारने अर्थव्यवस्थेचे आकडे फुगवून दाखवले, असा आरोप नव्या सरकारने महिन्याभरातच अहवाल काढून केला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. आणि जून २०२५च्या अंदाजपत्रकात या संकटावर जो मोठा उपाय निघाला तो असा की, सार्वत्रिक पेन्शनसाठीचे वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ वर न्यावे. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. ज्या पक्षाच्या चळवळीतून हे पेन्शन उभे राहिले, त्याच्याच हातून ते पाच वर्षे पुढे ढकलले गेले. मंत्रिमंडळात कामगार चळवळीतून आलेले डावे प्रतिनिधी असताना हे घडले. ऊसतोडणीत किंवा शिलाईयंत्रावर देह झिजवलेल्या बाईला साठाव्या वर्षी आणखी पाच वर्षे थांबायला सांगणे सोपे गेले. बंगल्यांच्या विक्रीवर व मळ्यांच्या मालकीवर जबर कर बसवणे मात्र जमले नाही.

असा प्रकार तेथे प्रथमच घडला असे नाही. १९८२ साली पॉल बेरांजे यांचा लढाऊ पक्ष आणि त्याचा समाजवादी मित्रपक्ष यांनी अशाच साठही जागा जिंकल्या होत्या. बेरांजे अर्थमंत्री झाले आणि नाणेनिधीच्या चौकटीत काटकसरीचे धोरण राबवू लागले. वर्ष पुरे होण्याआधीच, मार्च १९८३ मध्ये, ती आघाडी फुटली. मते समाजवादाच्या नावाने घ्यायची आणि अंदाजपत्रक धनकोंच्या नजरेने मांडायचे, हा अनुभव आपल्याला परका नाही. लहान देशाला मोकळीक थोडी असते, हे आम्ही मान्य करतो. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी मॉरिशसच्या मालावर ४० टक्के जकात जाहीर केली, पुढे जुलैअखेर ती १५ टक्क्यांवर आणली. दोन्ही वेळा पोर्ट लुईसला विचारतो कोण? परंतु पडीक उसाच्या जमिनीत भाजीपाला व कडधान्य पिकवणे, जमीनविक्रीच्या नफ्यावर कर घेणे, मादागास्कर व पूर्व आफ्रिकेशी अन्नव्यापार वाढवणे यांना वॉशिंग्टनच्या किंवा ब्रुसेल्सच्या परवानगीची गरज नाही. मळ्यांच्या मालकांशी झगडण्याची तयारी मात्र हवी.

आपल्या बाजूने करण्यासारखे एक काम आहे. एप्रिल २०२१ पासून भारत-मॉरिशस सर्वंकष आर्थिक सहकार्याचा करार अमलात आला. आफ्रिकेतील देशाशी भारताने केलेला असा तो पहिलाच करार. त्याच्या चौकटीत तांदूळ, डाळी आणि कांदा यांच्या पुरवठ्याचे पाच-पाच वर्षांचे करार व्हावेत, त्यांतील भाव उत्पादनखर्चाला धरून आधीच ठरावेत आणि ते माल देशी सहकारी संस्थांमार्फत जावेत. निर्यातबंदीचा वटहुकूम निघाला तरी ही जहाजे अडता कामा नयेत. नाशिक जिल्ह्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी कांदा उत्पादकांच्या मेळाव्यांत ही मागणी ठरावाच्या रूपाने मांडावी आणि आपल्या खासदारांनी ती संसदेत न्यावी, अशी आमची सूचना आहे.