विश्लेषण : गिटार पुन्हा पुन्हा बेसूर होतेय? खुंट्या बदलण्याआधी ‘नट’ तपासा

ट्यूनर ॲपवर सहाही तारा बरोबर दिसतात. एक गाणे वाजवून होते आणि तिसरी तार उतरलेली असते. इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. मग दुकानात किंवा मित्रांच्या ग्रुपवर ठरलेला सल्ला मिळतो, ‘खुंट्या सैल झाल्यात, नवा सेट टाक.’ माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि खिशाला महाग पडतो.

खुंटीवरच संशय का?

तंबोरा किंवा सतारीच्या लाकडी खुंट्या केवळ घर्षणावर टिकतात. त्या घसरू नयेत म्हणून वादक त्यांना खडू लावतात. ‘सूर उतरला की खुंटी घसरली’ हा आपला समज तिथूनच आला असावा. गिटारच्या खुंटीत मात्र वर्म गिअर असतो. अनेक गिटारींत बटण १४ ते १८ वेळा फिरवल्यावर तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो. बटणाने दांडा फिरतो, पण दांड्याने बटण फिरत नाही. त्यामुळे तारेच्या ताणाने गिअर उलटा फिरणे जवळपास अशक्य आहे.

हे उत्तर मी इंजिनीअरिंगच्या परीक्षेत लिहिले होते. तरीही एका दुकानदाराच्या सांगण्यावरून साठवलेले पैसे नव्या खुंट्यांवर घातले. गॅदरिंगमध्ये दुसऱ्याच गाण्यात तिसरी तार पुन्हा उतरली. आपला कानच कच्चा आहे असे वाटून पुढे वर्षभर गिटार कपाटावर पडून होती. पैशांपेक्षा ते वर्ष गेल्याचे जास्त वाईट वाटते.

मग गडबड कुठे असते?

फ्रेटबोर्डच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, सहा खाचांची छोटी पट्टी असते. तिला नट म्हणतात. बेंड करताना तार या खाचेतून किंचित पुढे सरकते आणि बोट सोडल्यावर मागे जायला हवी. खाच अरुंद किंवा खडबडीत असेल तर ती तिथेच अडकते आणि सूर उतरतो. अडकलेली लांबी अगदी नगण्य असते, पण कानाला ती पुरते. ताणात १ टक्का फरक पडला तरी सूर ८ ते ९ सेंट सरकतो. (लगतच्या दोन फ्रेटमध्ये १०० सेंटचे अंतर असते.)

लेस पॉलसारख्या गिटारीत दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतात. तिथे मधल्या दोन तारा नटमधून बाहेर पडताना बाजूला वळतात, म्हणून अडकण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या तारेची बदनामी उगाच झालेली नाही! ९ नंबरच्या सेटसाठी कापलेल्या खाचांत ११ नंबरच्या जाड तारा बसवल्या तरी हेच होते.

घरी कसे तपासाल?

तार सुरात लावा, जोरात बेंड करा आणि पुन्हा ट्यूनर पाहा. सूर उतरला असेल तर नट आणि खुंटी यांच्यामधली तार बोटाने हलकेच दाबून सोडा. सूर परत वर आला तर अडथळा नटमध्येच आहे. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येणे हीदेखील त्याचीच खूण. ट्रेमोलो असलेल्या गिटारीत उलटे दिसते. दांडा खाली दाबून सोडल्यावर सूर चढलेला राहतो.

उपाय साधा आहे. तार सैल करून खाचेत मऊ पेन्सिलीचे टोक फिरवा. ग्रॅफाइटमुळे तार सरकू लागते. माझ्या गिटारीला दहा मिनिटे लागली. खाच कानशीने घासण्याचा मोह मात्र टाळा. ती जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटला लागून झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

नट ठीक असेल तर?

तारा नव्या असतील तर त्या बसेपर्यंत उतरणारच. प्रत्येक तार हाताने हलकेच ओढून पुन्हा सुरात लावा, असे चार-पाच वेळा करा. खुंटीवर दोन-तीन नीट वेढे पुरतात, गुंतवळ नको. सूर नेहमी खालून वर लावा, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते. खुंटीचा स्क्रू ढिला असेल तर तो कसा. नवा सेट लागत नाही.

मोकळ्या तारा बरोबर, पण वरच्या फ्रेटवर कॉर्ड बेसूर वाटत असेल तर तो इंटोनेशनचा प्रश्न आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचे सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे. ही तपासणी नव्या तारांवरच करावी. पावसाळ्यात गंजलेल्या तारांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सगळ्याच तारा एकदम सरकल्या तर तापमानाकडे पाहा. एसी हॉलमध्ये सुरात लावलेली गिटार उघड्या, गरम स्टेजवर उतरते, कारण पोलादी तार तापली की प्रसरण पावते.

एवढे करूनही जमले नाही तर कारागिराकडे जाच. पण तिथे ‘ट्यूनिंग राहत नाही’ एवढेच सांगू नका. कोणती तार, कशानंतर, चढते की उतरते, हे सांगा. त्यावर तो थेट खुंट्यांचा नवा सेटच दाखवू लागला, तर आधी नट तपासायला सांगा.