ही पदवी कुणाच्या मापाची?



पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न समोर असताना ‘एम.टेक.’विषयी संपादकीय कशासाठी, असे काहीजणींना वाटेल. हा मूठभर मुलींचा प्रश्न, असेही कुणी म्हणेल. पण गावाची पाणीयोजना, रस्ते, बसगाड्या, यंत्रे यांचा आराखडा करणारी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणारी माणसे याच पदवीतून पुढे येतात. तिथे बायका किती आणि का टिकतात, हे म्हणूनच आपण पाहायला हवे.

एम.टेक. दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे. पहिल्या वर्षी मुख्यतः विषय, प्रयोगशाळा, परीक्षा. दुसरे वर्ष प्रबंधाचे. बहुतेक ठिकाणी पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची. ‘गेट’ परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात. गेट उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळत आली आहे. अर्धवेळ शिकणारीला ती नाही.

नियम सर्वांना सारखे आहेत. पण मुलगी बाविसाव्या वर्षी बी.ई. होते, तेव्हाच घरात स्थळे येऊ लागतात. गेटची तीन वर्षे आणि घरच्यांनी लग्नासाठी दिलेली मुदत एकाच वेळी संपते. लग्न करून प्रवेश घेतला, तर प्रबंधाच्या वर्षी मूल कधी, हा प्रश्न येतो. प्रबंधाचे काम रात्रीही चालते; वसतिगृहाचे दार मात्र बऱ्याच ठिकाणी मुलींसाठीच लवकर बंद होते. आयता डबा, धुतलेले कपडे आणि चोवीस तास मोकळीक असणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून हे वेळापत्रक आखलेले आहे.

बाळंतपणाचे काय? २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली ती नोकरदार स्त्रीला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी २४० दिवसांपर्यंतची रजा दिली ती एम.फिल. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना. मधली पदव्युत्तर विद्यार्थिनी दोन्हींतून सुटली. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही नियम करा, असे विद्यापीठांना पत्राने कळवले. तरीही मेरठच्या विद्यापीठातील एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला ५९ दिवसांच्या रजेसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. शिक्षण की मूल, अशी निवड स्त्रीवर लादता येणार नाही, असे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. प्रत्येकीने कोर्टाची पायरी चढायची का?

आयआयटींनी २०१८ पासून बी.टेक.ला मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या, हे चांगलेच झाले. पण दार रुंद केले म्हणजे घर राहण्याजोगे होते असे नाही.

ए. ललिता यांनी १९४३ साली मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगी. वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि घरचे पाठीशी होते, म्हणून हे जमले. पदवीच्या छापील कागदावर पुरुषवाचक सर्वनाम होते. ते खोडून स्त्रीवाचक करावे लागले. कागद तेव्हा दुरुस्त झाला. नियमांची दुरुस्ती अजून बाकी आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. सर्व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बाळंतपणाची रजा आणि हजेरीत सूट. विद्यावृत्ती न गमावता मध्ये थांबण्याची व परतण्याची सोय. आवारात पाळणाघर. वसतिगृहाची वेळ मुलामुलींना एकच.

पुणे, मुंबई, सांगली, नांदेड, जिथे जिथे आपले गट आहेत, तिथल्या शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकूया. गेल्या पाच वर्षांत एम.टेक.ला किती मुली आल्या, किती पूर्ण करून गेल्या, किती दुसऱ्या वर्षी गळाल्या आणि रजेचा लेखी नियम आहे का, एवढे चारच प्रश्न विचारूया. आलेली उत्तरे आमच्याकडे जरूर पाठवा. ती हातात असली, की पुढचे बोलणे विनंतीचे राहणार नाही.