दामाजींचे कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. बहामनी अंमलात मोठा दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि पंतांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली. बेदरच्या बादशहाचा संताप झाला. पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. तोच पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला आणि सगळ्या धान्याची किंमत चुकती करून पावती घेऊन आला. कीर्तनकार इथे थांबतो, टाळ-मृदंगाचा गजर होतो, श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

माझी तक्रार आहे ती या थांबण्याच्या जागेविषयी. गोष्टीचा गाभा पावतीत नाही, कोठारात आहे. कुलूप काढताना पैसे कोण भरणार हे पंतांना कुठे ठाऊक होते? आणि धान्य त्यांच्या मालकीचे नव्हते. म्हणजे रूढ अर्थाने हे दानसुद्धा नव्हे. घरच्या कणगीतले दोन पायली वाटून पुण्य जोडण्याची सोय त्यांना होतीच. तेवढ्यावर न थांबता, रयतेने पिकवलेल्या धान्यावर उपाशी रयतेचा हक्क पहिला, असे त्यांनी मानले. देवावरच्या श्रद्धेने त्यांचा हात सैल झाला, एवढेच म्हणून भागणार नाही. त्या श्रद्धेने राजाचे भय घालवले.

आपली श्रद्धा मात्र बहुधा हात सैल करण्यापाशीच थांबते. गावोगावच्या सप्ताहात काय दिसते? एखादा बागायतदार महाप्रसादासाठी साखरेची पोती देतो, फळ्यावर त्याचे नाव लागते. तोच गृहस्थ खुरपणीला आलेल्या बायकांशी दहा-वीस रुपयांसाठी बांधावर तासभर हुज्जत घालतो. तो ढोंगी आहे असे मला वाटत नाही. त्याच्या लेखी साखर देवाच्या खात्यात जमा होते आणि मजुरी शेतीच्या खर्चात पडते. ही दोन खाती एकाच वहीत असतील हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. साखर कारखान्यांचेही तेच. हंगाम सुरू होताना बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीची पूजा होते, नारळ फुटतो, आणि ज्यांच्या कोयत्यावर सारा हंगाम उभा ती जोडपी उचलीचे ओझे डोक्यावर घेऊन पाचटाच्या कोप्यांत राहतात.

कुणी म्हणेल, अन्नदानाने निदान एक वेळचे पोट तरी भरते, त्यालाही नावे का ठेवता? नावे मुळीच ठेवत नाही. भुकेल्याला पंगतीचा भात आणि हक्काचा भात सारखाच गोड लागतो. फरक पडतो तो देणाऱ्यात. गरीब हा आपल्या पुण्याचे साधन झाला की तो गरीबच राहण्यात आपले हित गुंतते, आणि हे आपल्याला जाणवतदेखील नाही. पंगतीत शेवटी कोण बसते आणि पत्रावळी कोण उचलते, हे एकदा नीट पाहावे.

या गोष्टीतला विठू महार तर आपण अगदीच विसरलो. देवाला महाराचे रूप घेताना कमीपणा वाटला नाही असे शतकानुशतके रंगवून सांगितले गेले. पण खऱ्या महाराला पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते. मंगळवेढ्याचेच संत चोखामेळा 1338 मध्ये तिथल्या गावकुसाचे काम करताना ढिगाऱ्याखाली गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. कथेतला महार बादशहाच्या दरबारात पोहोचला, हाडामांसाचा मात्र पायरीपाशीच राहिला. ही अडवणूक सुटायला 1947 साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा दार उघडले. दार अडवणारेही विठ्ठलाचे भक्तच होते. देवाविषयी आदर त्यांच्या मनात कमी नव्हता, किंबहुना देव विटाळू नये म्हणूनच तर ते आड येत होते!

त्याच पंढरपुरात गाडगे महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ज्यांना उतरायला जागा कुणी देत नसे त्यांच्यासाठी ती होती, आणि पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारीला येऊन हातात खराटा घेणारा, लाखो रुपयांच्या इमारती उभारून स्वतः गाडग्यात भाकरी खाणारा हा माणूस देऊळ बांधायला गेला नाही. त्यांची श्रद्धा कशी होती यावर विद्वानांनी वाद घालावा. दमलेल्या वारकऱ्याला पाठ टेकायला जागा मिळाली, एवढे मला पुरेसे आहे.

दामाजींच्या वाटेने जाणारा आणखी एक माणूस आपल्याकडे झाला, त्याची आठवण कीर्तनात निघत नाही. वि. स. पागे. नाव विठ्ठल, ओढा संतवाङ्मयाकडे, आणि काम विधान परिषदेच्या सभापतीचे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची रांग लागली होती. त्या सुमारास त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. अर्जानंतर पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता. योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. पुढे मस्टरवर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, हे सारे झाले. पण कामाला आलेल्या बाईला हात जोडून उभे राहण्याची गरज या कायद्याने ठेवली नव्हती. तिने फक्त अर्जावर अंगठा उमटवायचा होता.