डिकीची गाडी आणि दुधाचा पगार

२०२५ च्या नवरात्रात, २२ सप्टेंबरला, आमच्याकडे सकाळी घट बसले आणि दुपारपर्यंत धाकट्या भाऊजींच्या मोबाईलवर मोटारींच्या नव्या किमतींची यादी येऊन पडली. त्या दिवसापासून मोटारींवरचा जीएसटी उतरला होता ना! चार मीटरच्या आतली लांबी आणि बाराशे सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवर आधी २८ टक्के कर आणि वर उपकर होता, तो सरळ १८ टक्के झाला. ‘डिझायर’मधली सगळ्यात साधी गाडी ६ लाख ८४ हजारांची होती, ती ६ लाख २६ हजारांवर आली. भाऊजी म्हणाले, “वहिनी, आत्ता नाही घेतली तर कधी घेणार?”

जाऊ काहीच बोलली नाही. संध्याकाळी भांडी आवरताना हळूच म्हणाली, “ताई, गाडी मलाही हवीच आहे हो. पण हप्ता कशातून द्यायचा, ते कुणी बोलतच नाही.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मी बचत गटाच्या बैठकीत इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणी अर्धं बोलली तरी मला पुढचं कळतं. गाडी कुठली, रंग कुठला, पासिंगचा नंबर कुठला घ्यायचा, ही सगळी चर्चा ओट्यावर बसून पुरुष करतात. हप्त्याची वेळ आली की मात्र घरातल्या कपाटाकडे बघितलं जातं. म्हणून आज जरा गाडीचा हिशेब मांडते. इंजिनातलं मला फार कळत नाही, पण वही लिहिता येते.

आधी एक मान्य करू. आपल्या जुन्नर-आंबेगावात चारचाकी आता चैन राहिलेली नाही. रात्री-अपरात्री पेशंटला मंचरहून किंवा नारायणगावहून पुण्याला न्यायचं, लग्नसराईत पाच माणसं आणि आहेराच्या पिशव्या घेऊन फिरायचं, पुण्यात शिकणाऱ्या लेकीला बाजरीचं पोतं पोचवायचं, पाहुणे आले की ओझर-लेण्याद्री करायचं. या सगळ्याला गाडी लागते. त्यातही डिकीची हवी असा आग्रह असतो, कारण पोतं मागच्या मागे राहतं आणि सासूबाईंना पाय लांब करून बसता येतं. एक खोट आहे. डिंभ्याच्या वर आहुप्याकडे किंवा नाणेघाटाच्या बाजूला ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांनी पाच माणसं बसवून एकदा तो रस्ता करून बघावा. भरलेल्या सेडानचं पोट गतिरोधकाला घासतं, आणि आपल्याकडचे गतिरोधक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

या गाडीला आखूड शेपूट का, हाही एक गमतीचा भाग आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी केलं. मग कंपन्यांनी डिकी कापून लांबी बसवायला सुरुवात केली. २००८ मध्ये ‘इंडिगो सीएस’ आली, २०१२ मध्ये ‘डिझायर’ आखूड झाली, मग ‘अमेझ’, ‘झेस्ट’, ‘टिगोर’, ‘ऑरा’ अशी रांगच लागली. म्हणजे आपल्या घरातलं पोतं कुठे मावणार हे दिल्लीच्या अर्थसंकल्पाने ठरवलं! ‘सिटी’, ‘व्हर्ना’ किंवा आपल्या चाकणला तयार होणारी ‘व्हर्टस’ या त्याहून लांब गाड्या. त्यांचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला, म्हणजे तिथेही उतरला, पण थोडका.

आता नवी की जुनी. सव्वासहा लाख ही दुकानातली किंमत झाली. त्यावर आपल्या राज्याचा एकरकमी रस्ता कर येतो, दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे इथेच जवळजवळ ६९ हजार. विमा येतो, त्यातला दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. दारात येईपर्यंत साधी गाडीसुद्धा सव्वासात-साडेसात लाखांना पडते. त्यात सहा लाख कर्ज धरा, ९ टक्क्यांनी. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १२,४५० रुपये, व्याज दीड लाखाला थोडं कमी. “मग सात वर्षांचं करा ना, हप्ता हलका होईल,” असं विक्रेता म्हणतोच. हप्ता होतो ९,६५० च्या घरात, पण व्याज जातं दोन लाख दहा हजारांवर. साठ-पासष्ट हजार जास्त गेले. कर कमी झाला म्हणून ५८ हजार वाचले याचा जो आनंद झाला होता, तो इथेच संपला.

आणि हा हप्ता दर महिन्याला लागतो. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळू शकतात, मोटारीला सहसा दरमहाच. आपल्याकडे दरमहा काय येतं? २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट दोन हजारांच्या वर गेली होती, आठवतं ना? त्या पैशावर आमच्या भागात किती गाड्या आल्या! सप्टेंबरमध्ये भाव कोसळले. गाड्या दारातच होत्या, हप्तेही होते. आमच्या गटातल्या एका घरात तेव्हापासून गाडीचा हप्ता दुधाच्या पगारातून जातो. गाई तीन. पहाटे उठून धार काढणारी ती, शेण-वैरण बघणारी ती. तिच्या त्या पगारातून आधी किराणा, मुलांची फी आणि गटाची बचत निघायची. बचत बंद झाली. गाडीत ती वर्षातून किती वेळा बसते, असं मी विचारलं तर हसली आणि म्हणाली, “धुते की रोज.”

मला हे टोचतं. गाडी वाईट नाही, पण ती कुणाच्या कष्टावर चालणार आहे हे घेण्याआधी उघड बोललं पाहिजे.

म्हणून मी जावेला एक काम सांगितलं. मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढ आणि गाडी खरोखर लागली असती ते दिवस खूण कर. दवाखाना, लग्न, पुणे, देवदर्शन, सगळं. ती आणि मी बसलो. एकाहत्तर दिवस निघाले. साधारण सहा हजार किलोमीटर. बाकीचे दिवस गाडी पडवीत उभी, आणि उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात हा आपल्याकडचा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

याच आकड्यावर सीएनजीचाही निकाल लागतो. सीएनजीची गाडी ऐंशी-नव्वद हजारांनी महाग. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला अठरा किलोमीटर, सीएनजी ९० रुपये आणि किलोला सव्वीस धरले, तर किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये सुटतात. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला वरचे पैसे फिटायला सहा वर्षं लागतील. रोज चाकणच्या कंपनीत जाणाऱ्याचा हिशेब वेगळा, त्याचे दीड-दोन वर्षांत फिटतात. शिवाय टाकी डिकीत बसते, म्हणजे पोतं परत मांडीवर! ‘टिगोर’मध्ये २०२३ पासून दोन छोट्या टाक्या खाली बसवतात, तिथे थोडी जागा उरते.

जुन्या गाडीकडे वळू. विमा कंपनीच्या हिशेबात गाडीची किंमत दोन वर्षं झाली की ३० टक्के, तीन वर्षं झाली की ४० टक्के उतरवतात. बाजारात चांगल्या गाडीला याहून जास्त मिळतात, पण पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, हे खरं. पाच लाखांची गाडी, अडीच रोख, अडीच कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त, १३ टक्के धरा. तीन वर्षांत फिटतं, हप्ता ८,४०० च्या आसपास आणि व्याज ५३ हजार. आमच्या एकाहत्तर दिवसांना हे झेपतं.

भाव करताना एक लक्षात ठेवा. विकणारा सांगतो, “मी आठ लाखांना घेतली होती.” त्याने कितीला घेतली याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. तीच गाडी आज नवी कितीला मिळते, तिथून खाली मोजायला लागा. कर उतरल्यावर नवीच स्वस्त झाली, मग जुनीनेही उतरायला नको का? व्यापाऱ्याकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, घरगुती मालकाकडून घेतली तर नाही.

किती जुनी घ्यावी, यावर माझं मत ठाम आहे आणि त्याचं कारण मायलेज नाही. ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. त्याच्या शेजारच्या सीटची सक्ती चालू मॉडेलना लागू झाली २०२१ च्या अखेरीस. शेजारच्या सीटवर कोण बसतं? आपण बसतो, बऱ्याचदा मांडीवर मूल घेऊन. (तसं बसू नये. मूल मागे, पट्टा लावून.) म्हणून २०२२ च्या आधीची गाडी असेल तर दोन्ही एअरबॅग आहेत का, हे आधी विचारायचं आणि मग रंग बघायचा. नव्या गाडीच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या नव्या ‘डिझायर’मध्ये साध्या गाडीलाही सहा एअरबॅग आहेत, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. ज्यांची रोज नाशिक रस्त्याला ये-जा आहे आणि महिन्याचा पगार हाती येतो, त्यांनी नवी घ्यावी, मी अडवणार नाही. मागच्या सीटचा पट्टा मात्र नव्या-जुन्या दोन्हीत लावायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. गाडी लाखमोलाची होती.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, त्याआधीच्यांचं मायलेज थोडं घटतं, रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या मुलखात राहून इथेनॉलला नावं कशी ठेवू? उसाचे पैसे आपल्यालाच हवेत. पण जुनी गाडी घेताना हा खर्च मोजायचा.

जुन्या गाडीत आम्ही एकदा हात पोळून घेतलेत, म्हणून कागदांबद्दल जरा जास्त बोलते. बारा वर्षांपूर्वी यांनी एका ओळखीच्या माणसाकडून डिझेलची सेडान घेतली. गाडी चकचकीत. आरसी बुकावर बँकेचा बोजा होता तो “उतरवून देतो” म्हणाला. आठ महिने आम्ही त्याच्या दाराशी खेटे घातले. बोजा उतरेना, नाव होईना, आणि मध्येच दुचाकीला धक्का लागला तेव्हा विमा जुन्या मालकाच्या नावावर! मला हे सगळं त्या दिवशी कळलं, कारण व्यवहार झाला तेव्हा मी चहा करत होते.

आता मी सांगते, चहा दुसऱ्या कुणाला करू द्या. मोबाईलवर परिवहन खात्याचं ॲप आहे, नंबर टाकला की कितवा मालक, बोजा आहे का, विमा कधी संपतो, ते दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आपल्या दोन्ही तालुक्यांचं काम एमएच १४ च्या, पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर आपल्या गाडीची भरपाई अडते. तुम्ही जुनी विकत असाल तरी नाव बदललं का ते बघाच. कागदोपत्री जो मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. आणि २०२१ पासून आरसीवर वारसाचं नाव नोंदवता येतं. आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा अचानक गेला, तेव्हा गाडी नावावर करायला तिला किती कागद जमवावे लागले, ते मी जवळून पाहिलंय.

गाडी बघताना मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको. सीटचा पट्टा मुळापर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पुरातली. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणला कितीतरी गाड्या बुडाल्या, त्या सगळ्याच भंगारात गेल्या असं समजू नका. पायपुसणं उचलून वास घ्या, आपलं नाक यात पुरुषांपेक्षा तेज असतं. आणि ज्या कंपनीने इथला कारभारच गुंडाळला, तिची गाडी स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नका. शेवरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, आपल्याच जिल्ह्यातला तळेगावचा कारखाना २०२० ला बंद झाला. फोर्डनेही २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. गाड्या वाईट नव्हत्या, पण एका भागासाठी चार दिवस पुण्याच्या गॅरेजात पडून राहिलं की स्वस्ताई कळते.

तर आमच्याकडे काय झालं? दसरा तसाच गेला, भाऊजी आठ दिवस फुरंगटून होते. मग जावेने ती एकाहत्तर दिवसांची वही त्यांच्यासमोर ठेवली. दुधाच्या पगारातून महिन्याला तीन हजारांच्या वर देणार नाही, हेही सांगून टाकलं, पहिल्यांदाच. मागच्या रविवारी चौघं मिळून मंचरला २०२२ ची एक पेट्रोल गाडी बघून आलो. एकच मालक, बोजा नाही, स्टेपनी मात्र गुळगुळीत. तो पाच लाख तीस हजार म्हणतोय, आम्ही पाच दहा. भाऊजी म्हणाले, वीस हजारांसाठी काय ताणायचं. जाऊ म्हणाली, वीस हजारांत माझं गाडी शिकण्याचं होऊन वर टायरही येतील. क्लासला नाव तिने घातलंय, गाडीचं अजून ठरायचंय.