पिक्चर कसा वाटला?

मैत्रिणींनो, सिनेमा पाहून झाला की "कसा वाटला?" या प्रश्नाला तुमच्या घरी आधी कोण उत्तर देतं?

मागे बहिणीकडे विसरवाडीला गेले होते. सुरत-धुळे रस्त्यावरचं गाव. रात्री जेवणं आटोपून सगळ्यांनी मिळून टीव्हीवर 'उंबरठा' पाहिला. जब्बार पटेलांचा हा १९८२ चा चित्रपट. त्यातली सुलभा, म्हणजे आपली स्मिता पाटील, लहान मुलीला घरी ठेवून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. परत येते तो नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई! सुलभा पुन्हा घर सोडते.

पिक्चर संपला तसे बहिणीचे यजमान म्हणाले, "काय कमी होतं हो तिला? लेकराला टाकून जायचं म्हणजे काय!" तिच्या दिरांनीही मान डोलावली. आम्ही बायका गप्प. मागचं आवरताना मात्र तिच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "ती गेली ते सगळ्यांना दिसलं. त्यानं काय केलं, ते कुणी बोललंच नाही." बहिणीला सुलभाचं जाणं पटलं नव्हतं, तीही इथे मोकळेपणी बोलली.

म्हणजे सगळ्या बायकांचं मत एकच असतं असं नाही. पण जो तो आपलं जगणं घेऊनच पडद्यासमोर बसतो. पुरुषांनी तो नवऱ्याच्या जागेवरून पाहिला, आम्ही सुलभाच्या. त्यात गैर काहीच नाही. गैर इतकंच, की त्यांचं ते 'मत' आणि आपल्या त्या स्वयंपाकघरातल्या गप्पा! १९९१ साली 'माहेरची साडी' बायकांनी डोळ्यांना पदर लावून पाहिला, तर तो 'रडका पिक्चर'. मारामारीला शिट्ट्या वाजल्या, तर ती करमणूक. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला बायका नटूनथटून, घोळक्याने गेल्या, तेव्हा कुठे साऱ्यांना दिसलं की तिकिटं आपणही काढतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सासूबाईंनी आपलं म्हणणं सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगा जरा थांबला नि म्हणाला, "आई, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

तेव्हा पुढच्या वेळी आपणच आधी बोलावं. "तुला काय कळतं?" असं कुणी म्हटलं तर चिडू नये, पिक्चरमधला प्रसंग सांगावा. आणि मुलाला विचारतो तसं मुलीलाही आवर्जून विचारावं, "तुला कसा वाटला गं?"